मिशिगनच्या उत्तरेकडील अरण्यात तळ्याकाठी तंबू : प्रथमच जाणाऱ्या कुटुंबासाठी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : डेट्रॉइटजवळ राहणारे आपण पतीपत्नी आणि आठ व पाच वर्षांची दोन मुले आजवर वीज, गरम पाण्याचे स्नानगृह आणि दुकान असलेल्या कॅम्पग्राउंडवरच राहिलेले आहात, आता पुण्याहून आलेल्या बहात्तर वर्षांच्या सासऱ्यांना सोबत घेऊन अप्पर पेनिन्सुला या मिशिगनच्या उत्तरेकडील द्वीपकल्पातील एखाद्या तळ्याकाठी ‘रस्टिक’ प्रकारच्या कॅम्पग्राउंडवर दोन-तीन रात्री राहावे असे मनात आहे. जूनमध्ये जावे की नंतर, सोबत काय न्यावे, अस्वलांचा बंदोबस्त कसा करावा आणि सासऱ्यांना न्यावे की नाही, असे आपण विचारले आहे.

या भागात अनेक वर्षे कुटुंबांना आणि मुलांच्या गटांना घेऊन जात असल्यामुळे माझे एक मत पक्के झाले आहे. येणारी मंडळी अस्वलाची धास्ती घेऊन येतात आणि सगळी तयारी त्याचीच करतात. प्रत्यक्षात त्यांची सहल बिघडवतो तो रात्रीचा गारठा, अंथरुणात शिरलेली ओल आणि पाण्याच्या बाबतीतला निष्काळजीपणा. त्यामुळे अस्वलाविषयी आवश्यक तेवढे लिहिणार आहे आणि बाकीचे उत्तर गारठा व पाणी यांच्यासाठी राखून ठेवणार आहे.

रस्टिक कॅम्पग्राउंडवर तंबूपुरती सपाट जागा, एक लाकडी टेबल, शेकोटीसाठी जमिनीत बसवलेले लोखंडी कडे, सर्वांसाठी एखादा हापसा आणि पाण्याशिवाय चालणारे शौचालय एवढेच असते. वीज नाही, आंघोळीची सोय नाही, दुकान नाही आणि बहुतेक ठिकाणी कर्मचारीही मुक्कामाला नसतो. मिशिगनच्या नैसर्गिक संसाधन विभागाची राज्य अरण्यांतील कॅम्पग्राउंडे जवळजवळ सगळी अशीच आहेत, आणि हायवाथा व ऑटावा या दोन केंद्रीय अरण्यांतही अशी पुष्कळ आहेत. काही जागा आगाऊ आरक्षित करता येतात, बाकीच्या जो आधी येईल त्याला मिळतात. तेव्हा प्रवेशाजवळच्या फलकावरून पाकीट घ्यायचे, त्यात रक्कम घालून माहिती लिहायची आणि ते जाड लोखंडी नळकांड्यात टाकायचे. तिथे मोड द्यायला कोणी नसते आणि फोनवरून पैसे भरण्याची सोय असली तरी नेटवर्क असेलच असे नाही, म्हणून सुट्ट्या नोटा आणि चेकबुक जवळ ठेवावे. राज्याच्या जागांसाठी गाडीला रिक्रिएशन पासपोर्ट हा राज्याचा वाहन प्रवेशपासही लागतो.

जून टाळा, हे माझे स्पष्ट मत आहे. मे महिन्याच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत तिथे चावऱ्या काळ्या माश्या असतात, त्या केसांच्या मुळाशी आणि कानामागे चावून रक्त काढतात. जूनमध्ये डासांचा जोर असतो आणि जुलैत हरणमाश्या डोक्याभोवती घोंगावत राहतात. पाच वर्षांच्या मुलाला जाळीची टोपी घालून दोन दिवस बसवून ठेवण्यात कोणतेही सुख नाही. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापासून शाळा सुरू होईपर्यंतचा काळ आपल्यासाठी योग्य आहे. माश्या-डास बरेच ओसरलेले असतात, तळ्याचे पाणी वर्षातले सर्वांत उबदार असते आणि ब्लूबेरीही शिल्लक असण्याची शक्यता असते. १२-१३ ऑगस्टच्या सुमारास पर्सीड उल्कावर्षाव असतो. त्या दिवसांत चंद्रप्रकाश नसेल तर मुलांना असे आकाश डेट्रॉइटमध्ये कधीच पाहायला मिळणार नाही. शक्य असल्यास रविवार ते बुधवार यांमधले दिवस निवडावेत, जागा मिळण्याची चिंता अर्ध्याने कमी होते.

स्थळ म्हणून म्युनिसिंग या गावाच्या दक्षिणेला, हायवाथा अरण्यातून जाणाऱ्या फॉरेस्ट हायवे १३ लगतचे पीट्स लेक सुचवतो. गाडी थेट तंबूच्या जागेपर्यंत जाते, वाळूचा किनारा आहे, आणि रुग्णालय, पेट्रोल व किराणा असलेले गाव अर्ध्या तासाच्या आत आहे. लेक सुपीरियर या महासरोवराच्या काठचे पिक्चर्ड रॉक्सचे रंगीत कडे तिथून एका दिवसात पाहून येता येतात. पश्चिमेकडच्या सिल्व्हेनिया वनप्रदेशाचे नाव आपण ऐकले असेल. तिथली हेमलॉक आणि शुगर मेपलची जुनी झाडे लाकूडतोडीच्या काळातही खासगी मालकीमुळे वाचली, १९६६ मध्ये वन विभागाने तो प्रदेश विकत घेतला आणि १९८७ पासून त्याला कायद्याने संरक्षित अरण्याचा दर्जा आहे. मात्र तिथल्या तळ्यांकाठच्या मुक्कामाच्या जागी सामान कनूत घालून वल्हवत किंवा पाठीवर घेऊन जावे लागते; तो बेत मुले मोठी झाल्यावर करावा.

डेट्रॉइटहून म्युनिसिंग सुमारे ४०० मैल आहे. वाटेत मॅकिनॉ पुलापाशी सगळे थांबतातच, आणि मुलांसह हा प्रवास आठ-नऊ तासांचा धरावा. पहाटे पाचला निघालात तर दुपारी दोनपर्यंत पोहोचाल आणि तेच हवे. ऑगस्टच्या मध्यात तिथे सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळत असला तरी अंधारात तंबू उभारण्याची वेळ येऊ देऊ नये, कारण जागेचे दोष उजेडातच दिसतात. गाडीतून उतरल्यावर सर्वांत आधी मान वर करून पाहावे. बीचच्या झाडांना या भागात एक साल-रोग लागलेला असून तो मिशिगनमध्ये २००० साली आढळला. रोगट बीच पानांनी भरलेले दिसत असतानाही मधूनच कडकन मोडते. वाळलेले झाड किंवा अडकून राहिलेली फांदी डोक्यावर असेल तर ती जागा तळ्याचे दृश्य कितीही सुंदर असले तरी सोडून द्यावी.

दुसरी गोष्ट पाहायची ती जमिनीचा उतार. थंड हवा जड असल्यामुळे रात्री ती खोलगट भागात आणि पाण्याच्या काठाशी साचते. काठापासून जरा वर, पाइनच्या सुयांनी झाकलेल्या उंचवट्यावर तंबू लावला तर पहाटे दोन-तीन अंशांचा फरक पडतो आणि दहिवरही कमी पडते. इथली जमीन वाळूची आहे, त्यामुळे तंबूसोबत मिळणाऱ्या बारीक मेखा वाऱ्याच्या पहिल्या झोतात उपटून येतात. फूटभर लांबीच्या रुंद मेखा घ्याव्यात, किंवा दोर एखाद्या जाड काठीच्या मध्यावर बांधून ती काठी वाळूत आडवी पुरावी. तंबूखाली घातलेली ताडपत्री तंबूच्या तळाबाहेर चार बोटेही डोकावता कामा नये. डोकावली की पावसाचे पाणी तिच्यावर जमते, सरळ तंबूखाली शिरते आणि मध्यरात्री अंथरूण ओले झाल्यावरच कळते.

आता गारठा. दुपारी २५ अंश सेल्सिअस असणारे तापमान पहाटे ८-१० अंशांवर येणे ऑगस्टमध्ये नेहमीचे आहे, आणि एखाद्या निरभ्र रात्री ते ५ अंशांपर्यंतही उतरते. स्लीपिंग बॅग विकत घेताना पिशवीवर मोठ्या अक्षरात छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नये, कारण तो पुष्कळदा माणूस कसाबसा तग धरेल त्या मर्यादेचा असतो. आत बारीक अक्षरात ‘कम्फर्ट’ म्हणून दिलेला आकडा पाहावा आणि तो शून्य ते चार अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावा. त्याहून महत्त्वाचे आहे ते अंगाखाली काय आहे. बहुतेक कुटुंबे पंपाने फुगवायची जाड गादी आणतात, ती घरी पाहुण्यांसाठी उत्तम असते. पण तिच्या आतली हवा मोकळी खेळत असल्यामुळे ती जमिनीचा गारवा थेट पाठीला पोहोचवते, आणि वरून कितीही पांघरुणे घेतली तरी माणूस खालून गारठत राहतो. चटईची उष्णतारोधकता ‘आर’ या आकड्याने सांगतात; आपल्यासाठी तो तीन ते चार असावा. दोन चटया एकावर एक घातल्या तर त्यांचे आकडे मिळवता येतात, त्यामुळे महागडी चटई न घेता फोमची स्वस्त चटई आणि तिच्यावर साधी फुगवायची कॅम्पिंग चटई अशी जोडी लावली तरी काम भागते.

कापूस ओल धरून ठेवतो. सुती पायजमे, सुती मोजे आणि घरची गोधडी दिवसा टेबलापाशी खुशाल वापरावीत, पण झोपताना अंगावर लोकर किंवा कृत्रिम धाग्याचे कोरडे कपडे असावेत. हा जोड फक्त झोपण्यासाठी राखून ठेवावा आणि दिवसा त्याला हात लावू नये. थंडी वाजते म्हणून तंबूच्या सगळ्या झडपा बंद करण्याची चूक जवळजवळ प्रत्येक नवखे कुटुंब करते. पाच माणसांच्या श्वासाचे बाष्प रात्रभरात तंबूच्या आतल्या बाजूला थेंब होऊन बसते आणि पहाटे अंथरुणावर ठिबकते. वरच्या झडपा उघड्या ठेवल्या तर हवा थोडी गार राहते, पण अंथरूण कोरडे राहते आणि कोरडे अंथरूणच ऊब देते. शेगडी किंवा निखारे तंबूत कधीही, कोणत्याही कारणाने नेऊ नयेत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याऐवजी जाड प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरून, झाकण घट्ट लावून, मोज्यात घालून ती मुलांच्या पायांशी ठेवावी.

पाण्याच्या दोन बाजू आहेत, पिण्याचे आणि पोहण्याचे. पिण्याचे पाणी हापशातून मिळते. दांडा सावकाश आणि पूर्ण खालीवर करावा लागतो. पहिल्या आठ-दहा हेलकाव्यांना नुसता खरखर आवाज येतो, मग दांडा जड होतो आणि धार सुटते. एकाने दांडा मारायचा आणि दुसऱ्याने डबा धरायचा, अशी ही दोघांची कामगिरी असल्यामुळे मुलांना ती फार आवडते. पाण्यात लोह बरेच असते, त्यामुळे चव खिळ्यासारखी लागते आणि डबा थोडा वेळ ठेवला की तळाशी तांबूस साका बसतो. हे पाणी आरोग्याला घातक नसते, पण त्याचा चहा काळपट होतो, कारण चहातील टॅनिन आणि लोह यांचा संयोग गडद रंगाचा असतो. चहाच्या बाबतीत सासरे काटेकोर असतील तर घरूनच दहा लिटर पाणी न्यावे. पाच जणांना पिणे, स्वयंपाक आणि भांडी मिळून दिवसाला २० ते २५ लिटर पाणी लागते. तळाशी तोटी असलेला २० लिटरचा डबा टेबलाच्या कडेला ठेवला की सारखी ये-जा करावी लागत नाही. पाण्याचा नमुना तपासणीत नापास झाला तर हापसा बंद ठेवतात, म्हणून निघण्यापूर्वी संबंधित कार्यालयाला फोन करून खात्री करावी आणि तळ्याचे पाणी शुद्ध करण्यासाठी एक फिल्टर सोबत असू द्यावा. एक मिनिट खळखळून उकळले तरी जिआर्डियासारखे जंतू मरतात. मात्र पाण्यावर हिरवट रंगासारखा तवंग दिसला तर त्या पाण्याच्या वाटेला जाऊ नये. त्या शेवाळातील विष उकळून जात नाही.

पोहण्याविषयी मी सर्वांत कठोर आहे. या भागातील अनेक तळी हिमनद्यांनी मागे सोडलेल्या बर्फाच्या प्रचंड तुकड्यांमुळे तयार झालेली आहेत. तुकडा वाळू-गोट्यांत रुतून राहिला, पुढे वितळला आणि त्याच्या जागी खड्डा उरला. त्यामुळे काठाशी गुडघाभर असलेले पाणी काही पावलांवर एकदम खोल होऊ शकते. दलदलीतून येणाऱ्या पाण्यात झाडपाल्याचे टॅनिन उतरलेले असेल तर ते कोऱ्या चहाच्या रंगाचे दिसते. ते स्वच्छ असले तरी त्यात कमरेखालचे काही दिसत नाही आणि बुडालेले मूलही दिसत नाही. वरचा थर उन्हाने कोमट झालेला असताना त्याच्याखाली एकदम थंड थर असतो, सूर मारणाऱ्याला तो अचानक लागतो. जीवरक्षक नसतात. म्हणून एका वेळी एका प्रौढाकडे फक्त मुलांकडे पाहण्याचे काम द्यावे, त्याच्या हातात फोन किंवा चहा नसावा, आणि पाळी बदलताना ‘आता तुझी’ असे तोंडाने म्हणावे. सगळेच लक्ष ठेवून असले म्हणजे कोणाचेच लक्ष नसते, असा अनुभव आहे. बोटीत प्रत्येकासाठी मापाचे लाइफ जॅकेट असणे मिशिगनमध्ये कायद्याने बंधनकारक आहे आणि सहा वर्षांखालील मुलाने उघड्या बोटीत ते अंगात घातलेलेच असावे लागते. पाच वर्षांच्या मुलाला मात्र काठावर खेळतानाही ते घालावे असे मी सांगेन. फुगवायचे हंस, गाद्या वगैरे घरीच ठेवावेत, कारण काठाकडून तळ्याकडे वारा सुटला की ती खेळणी मुलासकट पाहता पाहता दूर जातात.

पिक्चर्ड रॉक्सला गेलात तर लेक सुपीरियर हे वेगळेच प्रकरण आहे हे लक्षात ठेवावे. ऑगस्टमध्येही त्याचे पाणी अंग आक्रसून टाकण्याइतके थंड असू शकते. अशा पाण्यात पडलेल्या माणसाला पहिल्या मिनिटात धाप आवरत नाही, पुढच्या दहाएक मिनिटांत हातपाय काम करीनासे होतात आणि शरीराचे तापमान घसरून शुद्ध हरपते ती त्यानंतर. म्हणजे पट्टीचा पोहणाराही थंडीने गारठून जाण्याच्या कितीतरी आधी बुडतो. तिथे मुलांनी घोट्याएवढ्या पाण्यात दगडगोटे गोळा केलेले बरे. ते दगडही पाहून तिथेच ठेवायचे असतात.

मिशिगनच्या तळ्यांत पोहल्यानंतर कधी कधी अंगावर खाजरे पुरळ येते. पाणपक्षी आणि गोगलगायी यांच्यामध्ये फिरणारा एक सूक्ष्म परजीवी चुकून माणसाच्या त्वचेत शिरतो आणि तिथेच मरतो, त्याची ही खाज असते. पाण्यातून बाहेर येताच टॉवेलने खसाखसा अंग पुसले तर बहुतेक वेळा ती टळते. तळ्यात साबण लावून आंघोळ करू नये, ‘निसर्गात विरघळणारा’ असे लिहिलेला साबणही नाही. बादलीभर पाणी घेऊन काठापासून ६० मीटर आत जावे आणि तिथे अंग धुवावे, म्हणजे साबण मातीत मुरतो. भांड्यांचे पाणीही गाळून, शिते कचऱ्यात टाकून, तसेच दूर शिंपडावे.

शौचालयाविषयी आपण संकोचाने एक ओळ लिहिली आहे, पण हा प्रश्न महत्त्वाचा आहे. जमिनीखाली काँक्रीटची मोठी टाकी, तिच्यावर खुर्चीसारखे आसन आणि छतावरून वर गेलेली जाड नळी अशी त्याची रचना असते. नळीतून हवा वर ओढली जाते आणि तिच्या जागी आसनाच्या भोकातून खोलीतील हवा खाली जाते, त्यामुळे रचना नीट चालत असेल तर खोलीत वास फारसा येत नाही. वापर झाल्यावर आसनाचे झाकण आणि दार दोन्ही बंद करायला मुलांना शिकवावे. आत पाणी नसते. आपल्या सवयीप्रमाणे लहान बाटली किंवा टमरेल नेण्यास हरकत नाही, पण बादलीने पाणी ओतू नये, टाकी लवकर भरते. पुसायचे ओले कागदी रुमाल (वेट वाइप्स), डायपर, सॅनिटरी पॅड वा कचरा आत टाकला तर टाकी उपसणाऱ्या गाडीचा पाइप तुंबतो आणि मग ते शौचालय ऐन हंगामात बंद ठेवावे लागते. दिवा नसल्यामुळे प्रत्येकाकडे डोक्याला बांधायची बॅटरी असावी. तंबूची जागा शौचालयापासून तीस-चाळीस पावलांवर असावी. अगदी शेजारी घेतली तर रात्रभर दार आपटल्याचा आवाज ऐकावा लागतो.

आता अस्वल. इथे फक्त काळी अस्वले आहेत, मिशिगनमधील त्यांची बहुतांश संख्या अप्पर पेनिन्सुलातच आहे आणि ती स्वभावाने भित्री असतात. अस्वल माणसाच्या नव्हे, वासाच्या मागे येते. म्हणून अन्न, रिकामा कूलर, कचरा, टूथपेस्ट, साबण, मुलांच्या खिशातले चॉकलेट आणि भांडी पुसायचे फडके हे सगळे रात्री गाडीत, काचा पूर्ण बंद करून ठेवावे. तंबूत बिस्किटाचा तुकडाही असू नये. आपल्या स्वयंपाकाच्या बाबतीत एक अधिक काळजी घ्यावी लागते, ती अशी की हिंग, लसूण आणि तापलेल्या तेलाची फोडणी कपड्यांना चिकटते, त्यामुळे स्वयंपाक तंबूपासून दूर, टेबलापाशी करावा आणि ते कपडे बदलून गाडीत ठेवावेत. उरलेला भात शेकोटीत टाकू नये. तो जळत नाही, नुसता करपून वास पसरवतो. अस्वल दिसलेच तर पळू नये, सगळ्यांनी एकत्र उभे राहून हात वर करावेत, भांडी वाजवावीत आणि त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवावी. खरा उपद्रव असतो तो रकून आणि चिपमंकचा; शेंगदाण्याच्या लाडवांच्या डब्याचे झाकण पाच मिनिटे उघडे राहिले तरी त्यांना ते पुरते.

गोचीड मात्र गांभीर्याने घ्यावी, कारण हरणांवरच्या गोचिडींमुळे लाइम रोग होतो. रोज संध्याकाळी मुलांच्या काखा, जांघा, गुडघ्यांमागची घडी आणि केसांची मुळे तपासावीत. चिकटलेली गोचीड बारीक चिमट्याने त्वचेलगत पकडून सरळ वर ओढावी, तिच्यावर तेल ओतू नये की काडी लावू नये. पहिल्या चोवीस तासांत काढली तर लागण होण्याचा संभव फार कमी असतो.

स्वयंपाकाची हौस पहिल्या संध्याकाळी आवरावी. प्रवासाने दमलेल्या माणसांसाठी घरून आणलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पिठल्याची तयार भुकटी पुरे आहे. पाणी उकळून भुकटी घातली की दहा मिनिटांत जेवण होते. पुढच्या दिवसांसाठी थालीपिठाची भाजणी, मेतकूट, पोहे आणि मुगाची खिचडी हा शिधा थंडीत टिकतो आणि कूलरवर अवलंबून राहत नाही. तीन लिटरचा कुकर अवश्य न्यावा, इंधन आणि पाणी दोन्ही वाचते. दोन बर्नरची प्रोपेनची शेगडी घ्यावी. ब्यूटेनच्या छोट्या डब्या गारठ्यात मंदावतात आणि नेमका सकाळचा चहा अडतो. कूलरमध्ये बर्फाच्या चुऱ्याऐवजी घरी गोठवलेल्या दोन-दोन लिटरच्या बाटल्या ठेवल्या तर गारवा अधिक टिकतो आणि वितळल्यावर ते पाणी पिता येते.

शेकोटीचे लाकूड घरून नेऊ नये. एमराल्ड ॲश बोरर हा हिरवा किडा २००२ मध्ये डेट्रॉइटच्याच परिसरात सापडला, सरपणातून दूरवर पसरला आणि त्याने ॲशची कोट्यवधी झाडे मारली. आपण ज्या भागातून निघणार आहात तिथूनच हे संकट सुरू झाले. म्युनिसिंगजवळ रस्त्याकडेला लाकूड विकत मिळते. ते बाहेरून ओले असेल तर फोडावे, गाभा सहसा कोरडा असतो. आतल्या बाजूच्या बारीक ढलप्या काढून त्यांच्याखाली, जमिनीवर पडलेल्या मेलेल्या भूर्जवृक्षाची साल ठेवावी. तिच्यात तेल असल्यामुळे ती भिजलेली असली तरी पेटते. उभ्या झाडाची साल सोलू नये, त्याची जखम कायमची राहते. निघताना आणि रोज रात्री झोपण्यापूर्वी शेकोटी पाण्याने भरून, काठीने ढवळून, पुन्हा पाणी ओतून, शेवटी हाताचा पाठचा भाग राखेजवळ नेऊन ऊब उरली नाही ना हे पाहावे. वर राख थंड दिसत असताना खाली मुळांतून विस्तव धुमसत राहू शकतो. म्युनिसिंगच्या पूर्वेला सेनी येथे १९७६ मध्ये विजेमुळे लागलेली आग दलदलीच्या सुक्या गाळात अशीच धुमसत राहिली आणि ७०,००० एकरांहून अधिक क्षेत्र जळाले.

रात्री दहानंतर शांतता पाळण्याचा नियम आहे आणि तो आपल्या मंडळींनी विशेष मनावर घ्यावा. रात्री पाण्यालगतची हवा थंड आणि वरची उबदार झाली की आवाज वर न जाता वळून पाण्यावरून पलीकडच्या काठापर्यंत स्पष्ट पोहोचतो. अकरा वाजताची अंताक्षरी साऱ्या तळ्याला ऐकू जाते. याच कारणाने लून पक्ष्याची साद मैलभरावरून येते. ती लांबलचक, आर्त आणि कधी वेड्यासारखी हसल्याचा भास करून देणारी असते, म्हणून मुलांना आणि सासऱ्यांनाही ती फोनवर आधीच ऐकवून ठेवावी.

सासऱ्यांना न्यावे का, याचे उत्तर होकारार्थी आहे, काही अटींसह. त्यांना जमिनीवर झोपवू नये. गुडघ्याच्या उंचीची घडीची खाट घ्यावी, तिच्यावर फोमची चटई घालावी, कारण खाटेखालून वाहणारी हवा जमिनीइतकीच गारठवते. रात्री लघवीला उठण्याची सवय असेल तर त्यांचे अंथरूण दाराजवळ ठेवावे, बूट आणि बॅटरी ठरलेल्या जागी असावेत आणि शौचालयापर्यंतच्या वाटेवरच्या मुळ्या व दगड दुपारीच त्यांच्यासोबत चालून पाहावेत. औषधे दोन दिवसांची अधिक घ्यावीत. इन्सुलिन असेल तर ते बर्फाला टेकू न देता वेगळ्या उष्णतारोधक पिशवीत ठेवावे. फोन लागेलच असे नाही, म्हणून नकाशे आधी उतरवून घ्यावेत, म्युनिसिंगच्या रुग्णालयाचा रस्ता उजेडात एकदा पाहून ठेवावा, गाडीची किल्ली कुठे आहे ते दोन्ही प्रौढांना माहीत असावे आणि आपण कुठे आहोत, कधी परतणार आहोत हे डेट्रॉइटमधील एका परिचिताकडे लिहून द्यावे. त्यांच्या प्रवासी विम्यात आधीपासूनच्या आजारांचा समावेश आहे का, हे निघण्यापूर्वी वाचावे. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास अलीकडे बळावला असेल तर हा बेत या वर्षी करू नये.

मुक्काम दोन रात्रींचाच ठेवावा आणि दुसऱ्या रात्रीसाठी म्युनिसिंगमधील एखाद्या मोटेलमध्ये रद्द करता येईल अशी एक खोली आधीच घेऊन ठेवावी. पहिली रात्र सासऱ्यांना जड गेली तर दुसऱ्या रात्री आपल्यापैकी एकाने त्यांच्यासोबत तिथे राहावे, मुले दुसऱ्यासोबत तळ्यावर राहतील आणि कोणालाच बेत मोडल्यासारखे वाटणार नाही. ऑगस्टमध्ये त्या गावातील खोल्या लवकर भरतात, त्यामुळे ती खोली कॅम्पग्राउंडच्या आरक्षणासोबतच घ्यावी आणि रद्द करण्याची अंतिम मुदत त्याच वेळी लिहून ठेवावी.